तेरा नंबरचं चॅनेल

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काका टॉर्च घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली आडवे झाले होते आणि सुटलेला जोड शोधत होते. जे बिघडलं होतं त्याला तारच नव्हती, त्यामुळे जोड असण्याचाही प्रश्न नव्हता, हे त्यांना माहीत होतं. पण अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून काढलेल्या माणसाला कुठूनतरी सुरुवात करावी लागते. काका नेहमी खालून करत.

वर टेबलावर काकूंचा लॅपटॉप उघडा होता. पडद्याच्या कोपऱ्यात रोज वायफायच्या तीन कमानी दिसत, तिथे आज त्या फिक्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर फुली आली होती.

"सापडलं का काही?" काकूंनी विचारलं.

"बटण सापडलं. शर्टाचं."

"द्या इकडे."

काकांनी टेबलाखालून हात बाहेर काढून बटण दिलं. काकूंनी ते खिडकीत ठेवलं आणि पुन्हा पडद्याकडे बघत बसल्या. कानाला लावायचा हेडफोन त्यांनी गळ्यात अडकवून ठेवला होता.

काका आणि काकू ही इमारतीने दिलेली नावं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दारापर्यंतचा एक अरुंद बोळ एवढं त्यांचं घर. बोळात दारावर राउटर टांगलेला आहे. काकू पूर्वी एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. वकील थकले, कचेरी बंद झाली, आणि पुढची दोन वर्षं काकू घरी बसल्या. त्या दोन वर्षांबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही. मग त्यांना रुग्णालयाचं काम मिळालं. तिथले क्ष-किरणांचे डॉक्टर फोटो बघता बघता बोलतात, ते बोलणं ध्वनिमुद्रित होऊन सकाळी सातला काकूंकडे येतं, आणि काकू ते ऐकून रिपोर्ट टाइप करतात. रिपोर्ट अकराच्या आत परत गेले पाहिजेत. बारापासून शस्त्रक्रिया असतात आणि सर्जन रिपोर्ट वाचल्याशिवाय पेशंटला आत घेत नाहीत.

काम अजून कायम झालेलं नव्हतं. तीन महिने बघू, असं रुग्णालयाने सांगितलं होतं. त्या तीन महिन्यांत एक उशीर माफ होता; दुसरा झाला की काम बाहेरगावच्या एका कंपनीकडे जाणार होतं. माफीचा उशीर पहिल्याच आठवड्यात वीज गेली तेव्हा वापरून झाला होता.

"दहाला लागलं तर निवांत होतं," काकू म्हणाल्या. "साडेदहाला लागलं तर धावतपळत. त्यानंतर लागलं तर तुम्हीच या हेडफोनवर गाणी ऐकत बसा."

काका टेबलाखालून बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "खाली काही नाही."

बिघाडाचं मूळ आदल्या दिवसात होतं, याबद्दल घरात दुमत नव्हतं. काल गुरुवार होता. दर गुरुवारी संध्याकाळी काका लॅपटॉपचं अपडेट करतात.

"काम कायम होईपर्यंत त्याला हात लावू नका म्हटलं होतं ना मी?"

"हात नाही लावला. अपडेट लावलं."

"यालाच खाजवून खरूज काढणं म्हणतात."

"अगं, सुरक्षेचं अपडेट होतं ते."

"मग झालं की सुरक्षित. आता कुणीच आत येऊ शकत नाही. मीसुद्धा नाही."

लॅपटॉप मूळचा मुलीचा. तिने नवा घेतला तेव्हा हा इकडे आला, आणि तेव्हा तो चालू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होत असे. काकांनी त्याच्यावरची जुनी यंत्रणा पुसून लिनक्स घातलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्या एक्सचेंजमधली मशीनं लिनक्सवर चालत आणि एका इंजिनिअरने त्यांना थोडेफार हुकूम शिकवले होते. लिनक्स काकांना एकाच कारणासाठी आवडत असे. बिघडलं की ते कारण सांगतं. सांगितलेलं कारण आपल्याला कळेल, असं मात्र ते कधी म्हणत नाही.

सोपे उपाय दोन होते आणि दोन्ही पावणेआठच्या आत संपले. पहिला, राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ तार टाकायची. काकांच्या पलंगाखाली तारेचे चार खोके आहेत. त्यातली तार काढली तर इमारतीला वेढा घालून वर शेपूट उरेल. पण लॅपटॉप इतका चपटा की त्याला ती तार खुपसायला भोकच नाही. मधे लावायचा जोडतुकडा मिळतो, पण ते दुकान अकराला उघडतं. दुसरा उपाय, फोनवरचं नेट लॅपटॉपला द्यायचं. त्याला रुग्णालयाची मनाई होती. पेशंटची माहिती म्हणून ते फक्त नोंदवलेल्या घरच्या राउटरवरूनच आत घेत. लॅपटॉपला फोन जोडलेला दिसला की दार बंद.

"एवढी तार घरात," काकू म्हणाल्या, "आणि वेळेला काही उपयोग नाही."

हे वाक्य काकांच्याही मनात येऊन गेलं होतं.

ते खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि काळी खिडकी उघडली. काळी खिडकी म्हणजे जिथे माउस चालत नाही, हुकूम टाइप करावे लागतात ती. काकू तिला तसंच म्हणतात, आणि ती उघडली की त्या थोड्या लांब बसतात.

काकांनी लाइन तपासायच्या जुन्या पद्धतीने एका टोकाकडून सुरुवात केली. वायफायचं बटण चुकून बंद झालंय का? नाही. यंत्रणेने लॅपटॉपमधल्या वायफायच्या कार्डाला कुलूप घातलंय का? ते बघायला आरएफकिल नावाचा हुकूम असतो, कुलूप नव्हतं. राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम बंद करून चालू केला. मग पुन्हा राउटर.

"हे मलाही येतं," काकू लांबून म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. लॅपटॉपला शेजाऱ्यांची नेटवर्कं दिसत होती. शेजारच्यांचं दिसत होतं, वरच्यांचं, खालच्या दवाखान्याचं, समोरच्या इमारतीतल्या कुणाचं तरी. फक्त स्वतःच्या घरचं, दहा पावलांवर टांगलेलं नेटवर्क दिसत नव्हतं. आणि काकांच्या फोनला तेच नेटवर्क ठणठणीत दिसत होतं.

"म्हणजे सगळं गाव दिसतंय आणि घर दिसत नाही," काकू म्हणाल्या. "कुणावर गेलंय हे?"

काकांनी आणखी खोलात जाऊन दुसरा हुकूम दिला. तो आजूबाजूच्या प्रत्येक नेटवर्कपुढे त्याचं चॅनेल लिहून दाखवतो. यादी आली. काकांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. शेजारचे सहा नंबरवर. वरचे अकरावर. दवाखाना सहावर. चौथा मजला एक नंबरवर. पुन्हा सहा, पुन्हा अकरा, पुन्हा सहा. अख्ख्या यादीत एक, सहा आणि अकरा सोडून आकडा नव्हता.

"सापडलं," काका म्हणाले. "कार्ड खराब झालंय. आकडे चुकीचे वाचतंय."

हा निष्कर्ष इमारतीतल्या दुसऱ्या कुणी काढला नसता, आणि त्यासाठी दोन वर्षांपूर्वीची सभा माहीत असावी लागते. तेव्हा सगळ्यांचीच तक्रार होती की संध्याकाळी नेट सरकत नाही. काका उभे राहिले आणि त्यांनी समजावून सांगितलं की हवेत वायफायसाठी रस्त्यासारख्या पट्ट्या असतात, त्यांना चॅनेल म्हणतात, आणि सगळे एकाच पट्टीत घुसले की कोंडी होते. पट्ट्या तेरा. इमारतीत बारा घरं आणि खाली दातांचा दवाखाना, म्हणजे बिऱ्हाडंही तेरा. आकडा असा जुळलेला पाहून काकांची खात्रीच पटली. पार्किंगच्या जागा वाटतात तशी त्यांनी चॅनेलं वाटून दिली. दवाखान्याला एक नंबर, शेजारच्यांना दोन, आणि असं वर वर. खरं तर या पट्ट्या एकमेकींच्या अंगावर चढलेल्या असतात, हे काकांना माहीत होतं. पण सभेत एवढं सांगत बसले असते तर ठराव पुढच्या वर्षावर गेला असता. शेवटचं, तेरा नंबरचं चॅनेल कुणी घेईना. काहींना आकडा आवडला नाही. काका म्हणाले, वाढणाऱ्याने शेवटी बसावं, मी घेतो. ठराव एकमताने मंजूर झाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. काका काहींच्या घरी जाऊन पुन्हा समजावूनही आले.

तर मशीन म्हणत होतं की इमारतीत कुणीच आपापल्या चॅनेलवर नाही. ही गोष्ट अशक्य होती. तेव्हा मशीन चूक होतं.

त्यानंतरचा सव्वा तास काकांनी कार्डाच्या मागे घालवला. कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, काढला आणि परत घातला. मधली काही मिनिटं एकही नेटवर्क दिसेना. तेव्हा काकू उठून गॅलरीत गेल्या आणि वाळलेले कपडे काढून घेऊन आल्या. ड्रायव्हर परत बसल्यावर यादी आली. तीच. एक, सहा, अकरा. काकांनी ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये वीज वाचवायचा भाग बंद केला. यादी तीच. लॅपटॉप उचलून बोळात राउटरखाली नेला, हात उंच करून धरला. यादी तीच.

"आरती करताय का त्याची?" काकूंनी विचारलं.

"सिग्नल बघतोय."

"वाजले किती ते बघा."

साडेनऊ होत आले होते. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. एकच टॉवेल त्यांनी उलगडून पुन्हा घातला, हे काकांनी पाहिलं आणि ते लॅपटॉप घेऊन टेबलाशी जाऊन बसले.

आता काकांनी एक काम केलं जे खरं तर सुरुवातीला करायला हवं होतं. कार्डालाच विचारलं की तुला काय काय येतं. हा हुकूम पानंच्या पानं ओततो. काका बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. एक नंबर चालू. दोन चालू. असं अकरापर्यंत. बाराच्या पुढे लिहिलं होतं, बंद. तेराच्या पुढे लिहिलं होतं, बंद.

ते थोडा वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिले. मग त्यांना आठवलं. कुठल्या देशात कुठली चॅनेलं वापरायची याचे नियम वेगवेगळे असतात. काही देशांत अकराच्या पुढे मनाई असते. कालच्या अपडेटमध्ये देशाची नोंद उडाली होती आणि कार्ड ज्या देशासाठी बनलं होतं तिथले नियम पाळायला लागलं होतं. त्या नियमांनुसार तेरा नंबरवर कुणी नसतं, म्हणून ते तिकडे बघतच नव्हतं.

काकांनी आपल्या देशाचं नाव सांगणारा हुकूम दिला. मशीनने तो मुकाट्याने स्वीकारला. काकांनी पुन्हा यादी बघितली. तेरा, बंद. पुन्हा हुकूम दिला. पुन्हा स्वीकारला. तेरा, बंद. काही कार्डं असा हुकूम ऐकून घेतात आणि आपल्याच मनाचं करतात, हे काकांनी कुठेतरी वाचलं होतं.

"अगं, कळलं," ते म्हणाले. "कार्ड तेरा नंबर बघत नाही. राउटरच खाली आणला पाहिजे. अकराच्या आत."

"मग आणा."

"आणला असता. पण अकरापर्यंतची सगळी दुसऱ्यांची आहेत."

काकूंनी घडी घातलेला टॉवेल बाजूला ठेवला. "काय आहेत?"

"वाटून दिलेली आहेत. असं न विचारता कसं घेणार? उद्या कुणीही उठेल आणि कुणाच्याही चॅनेलवर जाऊन बसेल."

"अहो, तिकडे शस्त्रक्रियेचा पेशंट रात्रीपासून उपाशी असेल."

"विचारून येतो. दोन मिनिटं."

"चॅनेल विचारायला?"

"दवाखान्याला एक नंबर दिलाय. डॉक्टरबाई काही नाही म्हणणार नाहीत."

काकू काही तरी बोलणार होत्या. मग त्यांनी फक्त घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चपला घाला. आणि पळा."

दवाखाना तळमजल्यावर आहे. दार उघडंच होतं. खुर्चीत चौथ्या मजल्यावरचे बँकवाले आ वासून पडले होते. तोंडाच्या एका कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी लटकत होती, दुसऱ्यात कापूस होता. दातांच्या डॉक्टरबाई त्यांच्यावर वाकल्या होत्या.

"काका? दाढ?"

"दाढ नाही. चॅनेल."

डॉक्टरांनी हातातलं यंत्र थांबवलं.

"तुमचं एक नंबरचं चॅनेल जरा वापरू का, म्हणून विचारायला आलो. अकरापर्यंत. फार तर साडेअकरा. काकूंचं रुग्णालयाचं काम अडलंय."

"कुठलं चॅनेल?"

"वायफायचं. सभेत तुम्हाला एक नंबर दिला होता ना?"

"हां, ते होय." डॉक्टरांनी बँकवाल्यांच्या दाढेकडे एकदा बघितलं. "ते मी लावलंच नाही हो, काका. लावणार होते. मग राहूनच गेलं. ते आपलं ऑटोमॅटिकवर आहे, पहिल्यापासून."

"दोन वर्षं?"

"राहूनच गेलं."

खुर्चीतून एक बोट वर आलं.

"तुमचंही?" डॉक्टरांनी विचारलं.

"आँ," बँकवाले म्हणाले.

"हो म्हणतायत."

काका खुर्चीजवळ गेले. "अहो, मी तुमच्या घरी आलो होतो. तासभर बसून समजावलं होतं. तुमचा दहा नंबर. तुम्ही मान डोलावली होती."

बँकवाल्यांनी नळीसकट मान डोलावली.

"मान हलवू नका," डॉक्टर म्हणाल्या. मग काकांकडे वळून, "घ्या ना तुम्ही एक नंबर. खुशाल घ्या. कायमचा घ्या."

"बाकीच्यांपैकी कुणी..."

"आता काय सांगू? पेशंट बोलतात अधूनमधून." त्यांनी यंत्र पुन्हा हातात घेतलं. "मला तरी कुणी लावल्याचं माहीत नाही. तुम्ही लावलं होतं का?"

"हो," काका म्हणाले.

"तेरा?"

"तेरा."

यंत्र सुरू झालं. काका जिन्याकडे निघाले. मशीनने सात वाजल्यापासून एकही आकडा चुकीचा वाचला नव्हता. सहा म्हणजे सहाच होतं आणि अकरा म्हणजे अकराच. ऑटोमॅटिकवर सोडलेला राउटर बहुधा एक, सहा नाहीतर अकराच धरतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसं त्यांनी सव्वा तास त्या कार्डाला उलटंसुलटं केलं होतं. पहिल्या मजल्यावर ते जरा थांबले, कठड्याला धरून श्वास घेतला आणि उरलेला जिना दोन दोन पायऱ्या करत चढले.

फोनवरून त्यांनी राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं. चॅनेलच्या रकान्यात तेरा होतं. खाली पर्यायांत सगळ्यात वर 'ऑटोमॅटिक' लिहिलेलं होतं. काकांचं बोट त्याच्यावर गेलं, आणि पुढे सरकून एकावर थांबलं. परवानगी एक नंबरची मिळाली होती.

राउटरचे दिवे विझले. मग एकेक करून लागले. टेबलावरच्या लॅपटॉपने काही क्षण विचार केला आणि कोपऱ्यातली फुली जाऊन तिथे तीन कमानी उभ्या राहिल्या. दहा वाजून गेले होते.

"उठा," काकू म्हणाल्या.

काका उठले. काकू त्या खुर्चीत बसल्या, गळ्यातला हेडफोन कानावर चढवला आणि टाइप करायला लागल्या. फाइली पाच होत्या. काका बोळात राउटरखाली उभे राहिले. तिथे उभं राहायची गरज नव्हती. पण वायरिंग झाल्यावर पहिला फोन लागेपर्यंत खांबापासून हलायचं नाही, ही नोकरीतली सवय होती. मधे एकदा कुणीतरी दाराची बेल वाजवली. काकांनी दार उघडून, बोट ओठांवर ठेवून, न बोलता परत लावलं. कोण होतं ते त्यांनी नीट बघितलंही नाही.

चार रिपोर्ट झाले. पाचव्यात काकू अडल्या. हेडफोन एका कानावरून सरकवून त्यांनी तेवढाच तुकडा तीनदा ऐकला.

"काय झालं?" काकांनी बोळातून विचारलं.

"डावं म्हणतात की उजवं, कळत नाहीये. डॉक्टर खोकलेत."

"मग?"

"मग फोन करून विचारते. अंदाजाने लिहायची गोष्ट आहे का ही? उघडायचे एकीकडे आणि दुखणं निघायचं दुसरीकडे."

त्यांनी फोन केला. पलीकडे कुणीतरी डॉक्टरांना शोधायला गेलं. काकू फोन खांद्याने कानाशी धरून रिपोर्टच्या बाकीच्या ओळी पुऱ्या करत राहिल्या. काकांनी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. पावणेअकरा होऊन गेले होते. "उजवं," काकू फोनवर म्हणाल्या, "उजवं ना? बरं," आणि एक शब्द टाइप करून त्यांनी पाचवा रिपोर्ट पाठवला. अकराला सहा मिनिटं होती. थोड्या वेळाने रुग्णालयातून उत्तर आलं. रोजचंच: पाचही मिळाले.

काकूंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. काका आत येऊन समोरच्या खुर्चीवर बसले.

"अगं," ते म्हणाले, "इमारतीत कुणीच चॅनेल लावलेलं नाही."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुमचं तेरा चालत होतं. कुणाला त्रास होता?"

काकांनी टेबलावरची टॉर्च विझवली. ती सकाळपासून चालूच होती.

"पार्किंगचं तरी पाळतात का लोक?"

"पार्किंगचं पाळतात," काकू म्हणाल्या. "तिथे गाडी दिसते."

काका चहा ठेवायला उठले. दवाखान्यातून यंत्राचा बारीक आवाज येत होता. बँकवाल्यांचं अजून चाललेलं होतं. चहा होईपर्यंत काकूंनी लॅपटॉपचा पासवर्ड बदलला. काळ्या खिडकीतले हुकूम चालवायला तोच लागतो. त्यांनी तो टाइप करताना पडदा जरा स्वतःकडे वळवून घेतला आणि काकांनी कप आणताना दुसरीकडे बघितलं. नवा पासवर्ड काय, हे त्यांनी विचारलं नाही.

"साखर टाकलीत का?"

"टाकली."

"ढवळली नाहीत."

काकांनी चमचा आणून दिला.

उद्या शनिवार आहे. शनिवारी फाइली आठला येतात आणि रिपोर्ट बाराच्या आत द्यायचे असतात.